शिक्षण राहिलं

माझं माहेर आंजीचं. वर्धा जिल्ह्यातलं आंजी (मोठी). नोकरी मात्र जिल्ह्यातल्याच एका कॉलेजात झाली. तिथे समाजशास्त्र शिकवलं आणि आता निवृत्त झाले. नोकरीच्या शेवटच्या दहा-बारा वर्षांत मी एक वही ठेवली होती. लग्नानंतर किंवा बाळंतपणामुळे ज्यांचं कॉलेज थांबलं, अशा मुलींची. संशोधन म्हणावं एवढं तिचं मोठेपण नाही. विद्यापीठात ती कधी सादर झाली नाही, तिच्यावर मला कुठली पदवीही मिळाली नाही. पण त्या वहीने मला जे शिकवलं ते पुस्तकांत सापडलं नव्हतं, म्हणून लिहिते आहे.

पहिली गोष्ट एका शब्दाची. सुरुवातीला मी मुलींना विचारत असे, "शिक्षण का सोडलंस?" मोहल्ल्यातल्या मुली घरच्या बोलीत उत्तर देत, "छोड़े नै बाजी, रह गया." कुणब्यांच्या, तेल्यांच्या मुली म्हणत, "सोडलं नाही मॅडम, राहून गेलं." जात, धर्म, घर वेगळं, क्रियापद तेच. सरकारी कागदावर याला 'गळती' म्हणतात. नळ गळतो, छप्पर गळतं. तिथे दोष नळाचा, छपराचा. इथे मात्र गळते ती मुलगी, असंच आपण धरून चालतो. माझ्या छापील प्रश्नावलीत 'शिक्षण सोडण्याचे कारण' असा रकाना होता आणि त्याखाली एकच उत्तर येई, 'लग्न'. चाळीस पानं भरली तरी मला नवं काही कळेना. मग मी प्रश्न बदलला. "कॉलेजातला तुझा शेवटचा दिवस सांग." त्यावर मुली तास तासभर बोलू लागल्या. कोणाला एसटीत उलट्या होत होत्या. कोणाचं प्रॅक्टिकल तिसऱ्या मजल्यावर होतं. कोणी फी भरून बसली होती आणि परीक्षेचा पहिला पेपर चिल्ल्याच्या बाविसाव्या दिवशी आला. लग्नानंतरही कॉलेज चालू ठेवलेल्या मुली बऱ्याच होत्या. त्यांचं लग्नाने अडलं नव्हतं, पुढच्या सात-आठ महिन्यांनी अडलं होतं.

आमच्या आंजीला संशोधन नवं नाही. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचं ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्र इथे आहे. 1969 साली डॉ. सुशीला नायर यांनी सुरू केलेल्या या संस्थेचे शिकाऊ डॉक्टर घरोघर फिरताना आम्ही पाहत आलो. 2003 ते 2008 या काळात 'क्लिक्स' नावाचा मोठा प्रकल्प आगाखान फाउंडेशनच्या साहाय्याने इथे चालला. आंजी, गौळ आणि तळेगाव या तीन आरोग्य केंद्रांखालची 67 गावं त्यात होती. बायांचे बचत गट झाले, किशोरींचे गट झाले, बाळाचं वजन किती, आईला लोहाच्या गोळ्या मिळाल्या का, नवऱ्याला धोक्याची लक्षणं माहीत आहेत का, याची दारोदार चौकशी झाली. माझ्या एका चुलत वहिनीचं पहिलं बाळंतपण अम्मीच्या मनात घरी करायचं होतं. गटातल्या बायांनीच समजूत घातली आणि ती दवाखान्यात गेली.

हे सगळं चांगलंच झालं. पण एक गोष्ट मला खटके. आरोग्य केंद्राच्या नोंदवहीत बाई 'गरोदर माता' असते. कॉलेजच्या हजेरीपटात तीच मुलगी 'बी.ए. भाग दोन, रोल नंबर अमुक' असते. एका वहीला दुसरीची खबर नाही. मला वाटलं, दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या तर किती मुली दोन्हीकडे आहेत ते एका दुपारी कळेल. मी उत्साहाने सिस्टरकडे गेले. तिने चहा पाजला आणि वही दाखवायला साफ नकार दिला. "मॅडम, हे त्या बायांनी मला सांगितलंय, तुम्हाला नाही." त्या वेळी राग आला. आता वाटतं, माझ्या सगळ्या खटाटोपात संशोधनाची पहिली अट तिनेच पाळली.

आता वही मी का सुरू केली ते सांगायला हवं. इथवर टाळत होते.

2009 सालची गोष्ट. कॉलेजच्या हजेरी समितीत मी होते. 75 टक्के हजेरी नसलेल्यांची यादी करायची, सूचना फलकावर लावायची, त्यांना परीक्षेला बसू द्यायचं नाही, हे आमचं काम. यादीत आमच्याच मोहल्ल्यातली एक मुलगी होती. दुसऱ्या वर्षाला होती, चुणचुणीत होती, तिची टिपणं बाकीच्या मुली उतरवून घेत. ती दवाखान्याचं कार्ड घेऊन आली, सोबत सासू, सासूच्या कडेवर दीड महिन्याची लेक. कार्यालयातल्या एका जुन्या माणसाने नियम वाचून दाखवला. आजारपणाच्या दाखल्यावर सवलत आहे. बाळंतपण हा काही आजार नव्हे. सगळे माझ्याकडे पाहू लागले, कारण समितीत बाई मी एकटीच होते. मी म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखाच असतो बेटा." आणि सही केली.

रात्री घरी आल्यावर मला आठवलं की माझ्या थोरल्या मुलाच्या वेळी मी स्वतः याच कॉलेजातून बाळंतपणाची भरपगारी रजा घेतली होती. माझ्या हजेरीत त्या महिन्यांपुढे 'रजा' लिहिलेलं आहे. तिच्या हजेरीत त्याच कारणासाठी 'गैरहजर' आलं आणि त्याखाली सही माझी होती.

कायद्याने हे बरोबरच होतं. 1961 चा मातृत्व लाभ कायदा नोकरदार बाईसाठी होता. 2017 साली त्यात दुरुस्ती होऊन रजा 26 आठवड्यांची झाली आणि 50 किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचं झालं. मोजायचे ते कर्मचारी. वर्गात बसणारी आई त्या मोजणीत येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2016 च्या नियमांत एम.फिल. आणि पीएच.डी. करणाऱ्या स्त्रियांना 240 दिवसांपर्यंत रजेची तरतूद केली. बी.ए., बी.कॉम.वाल्यांचा विचार व्हायला डिसेंबर 2021 उजाडला. आयोगाने विद्यापीठांना पत्र लिहून पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थिनींसाठीही बाळंतपणाच्या रजेचे, हजेरीच्या सवलतीचे नियम करायला सांगितलं. केरळातल्या महात्मा गांधी विद्यापीठाने 2022 साली 60 दिवसांची रजा देऊ केली. 2023 साली मेरठच्या विद्यापीठात एम.एड. करणाऱ्या एका विद्यार्थिनीला रजा नाकारली गेली, ती दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि 59 दिवसांच्या रजेचा फेरविचार करण्याचा आदेश तिने मिळवला. शिक्षण आणि मातृत्व यांतलं एक निवडायला भाग पाडता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय होता. मी तो निकाल पुन्हा पुन्हा वाचला. 2009 मधल्या त्या टेबलापाशी बसून वाचल्यासारखा वाचला.

पण सगळं खापर कॉलेजवर फोडलं तर तीही लबाडी होईल. आपल्या घरांतही एक नियमांचं पुस्तक आहे, ते कुठे छापलेलं नाही. एका घरी मी गेले तेव्हा सासू म्हणाली, "दूध तोडके पढ़ने जाएगी क्या? अल्लाह ने दो साल बोला है." मी सोबत तर्जुमा घेऊन गेले नव्हते, पण सूरह बकरामधली ती आयत मला ठाऊक होती. दोन वर्षं दूध पाजण्याचं सांगणाऱ्या त्याच आयतीत बापाने आईच्या अन्नवस्त्राची जबाबदारी घ्यावी असं आहे, मुलाच्या कारणाने आईला त्रास होऊ नये असं आहे, दूध तोडायचं तर दोघांनी सल्ला-मसलत करून तोडावं असंही आहे. मी हे सांगितल्यावर खाला गप्प झाल्या. पटलं म्हणून नव्हे. पाहुणीशी वाद नको म्हणून असावं. मुलगा, म्हणजे बाळाचा बाप, आतल्या खोलीत टीव्ही पाहत होता. सल्ला-मसलतीत त्याला कोणी बोलावलं नाही आणि तोही आला नाही.

इल्म मर्द-औरत दोघांवर फर्ज आहे, हे आपण प्रत्येक जलशात ऐकतो. सच्चर समितीचा 2006 चा अहवाल आपल्या भाषणांतून पाठ झाला. पण जलशाला आलेल्या तरण्या आईचं बाळ तेवढा वेळ कोण धरतं, ते कुठल्याही अहवालात मी वाचलेलं नाही.

वहीत मुलींनी मागितलेल्या गोष्टी पाहिल्या तर हसू येईल इतक्या लहान आहेत. परीक्षेला तळमजल्यावर जागा. एक बंद होणारी खोली. तीन तासांचा पेपर असतो आणि दुसऱ्या तासाला छाती भरून येते, ओढणी भिजते. एका मुलीने शेवटचे वीस मार्कांचे प्रश्न याच लाजेने टाकून दिले होते. तिची आई बाळाला घेऊन फाटकाबाहेर कडुलिंबाखाली उभी होती. पहारेकऱ्याने आत घेतलं नाही, कारण आत येण्यासाठी ओळखपत्र लागतं. मार्च 2023 पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट झालं, त्याचा मोठा आधार झाला. पण गाडी वेळेवर आली तरच. मुक्त विद्यापीठाचाही अनेकींना आधार झाला. मीच काहींचे अर्ज भरले. तरी एकीने मला ऐकवलं, "घरीच बसून शिकायचं असतं तर बाजी, मी घरातून निघायची धडपड कशाला केली असती?" ते वाक्य मी वहीत लाल शाईने लिहून ठेवलंय.

ती यादीतली मुलगी मला पाच वर्षांनी भेटली. 2014 चा जून होता, आंजीच्या बसथांब्यावर पाऊस लागला होता. सोबत शाळेचं दप्तर घेतलेली लेक. मी ओळख टाळणार होते. तिनेच सलाम केला. तिला दुसऱ्या एका कॉलेजात पुन्हा प्रवेश घ्यायचा होता आणि त्यासाठी गॅप सर्टिफिकेट लागत होतं. "आपा, तुम्ही चलता का? मला त्या कचेरीतलं काही कळत नाही." ती मला माफ करून बोलत होती की त्या सहीचं तिला काही वाटलंच नव्हतं, हे मला आजही ठरवता येत नाही. मी विचारलं नाही.

आम्ही वर्ध्याला गेलो. कचेरीबाहेर झाडाखाली टायपिंगवाला बसलेला. त्याच्याकडे मजकूर तयारच असतो, नाव आणि वर्ष तेवढं बदलायचं. त्याने खाडखाड टाइप केलं आणि वाचून दाखवलं, "...घरगुती अडचणीमुळे माझ्या शिक्षणात पाच वर्षांचा खंड पडला."

ती म्हणाली, "अडचण नव्हती काही."

"मग काय लिहू?"

तिने लेकीकडे पाहिलं. लेक बाकावर बसून भिजलेली चप्पल वाळवत होती. "बाळंतपण लिहा. आणि हजेरी कमी भरल्याने परीक्षेला बसू दिलं नाही, ते पण लिहा."

टायपिंगवाला कुरकुरला. असं कोणी लिहीत नाही, साहेब विचारतील, म्हणाला. मग माझ्याकडे पाहू लागला. मी त्याला दुसऱ्या कागदाचे पैसे दिले.