पगारातून कापलेली सायकल

ब्रिटनमध्ये नोकरदार माणसाने दुकानात जाऊन रोख पैसे मोजून सायकल घेतली, तर ती त्याला सगळ्यात महाग पडते. हे मला आमच्या वॉर्डातल्या एका वरिष्ठ नर्सने सांगितलं. मी तेव्हा ब्रिस्टलमध्ये नवी होते आणि पहाटेच्या बसला कंटाळले होते. सकाळची पाळी साडेसातला सुरू होते. बस वेळेवर आली तर ठीक, नाही तर रात्रपाळीच्या नर्सला माझी वाट बघत थांबावं लागे. बारा तास उभं राहिलेल्या बाईला माझ्यामुळे ताटकळत ठेवणं मला फार लागायचं. सायकल घ्यायचं मी ठरवलं ते या कारणाने. कर वाचतो हे नंतर कळलं.

‘सायकल टू वर्क’ नावाची ही सोय 1999 च्या वित्त कायद्याने आली. कल्पना साधी आहे. सायकल तुम्ही विकत घेत नाही, तुमचा मालक घेतो आणि तुम्हाला भाड्याने देतो. ते भाडं पगारातून वळतं होतं, पण कर लागण्याआधी. म्हणजे कागदोपत्री तुमचा पगारच तेवढा कमी होतो आणि कमी झालेल्या पगारावर कर बसतो.

मी कागद-पेन घेऊन हिशेब मांडला. सायकल 800 पौंडांची. कुलूप, हेल्मेट, दिवे आणि कॅरिअरला लावायच्या पिशव्या मिळून आणखी 150. एकूण 950 पौंड, बारा महिन्यांत फेडायचे, म्हणजे महिन्याला 79.17. माझ्या पगारावर 20 टक्के प्राप्तिकर आणि 8 टक्के नॅशनल इन्शुरन्स जातो. ते दोन्ही या रकमेवर लागत नाहीत, त्यामुळे हातात पडणारा पगार महिन्याला 57 पौंडांनीच कमी होणार होता. वर्षअखेर 950 ऐवजी 684. रुग्णालयालाही माझ्या पगारावर भरावा लागणारा 15 टक्के नॅशनल इन्शुरन्स तेवढ्यापुरता वाचतो, तो होतो 142 पौंड. 40 टक्के कर भरणाऱ्याची बचत, त्याचा नॅशनल इन्शुरन्स धरून, याहून मोठी. आमच्या वॉर्डात सकाळी राउंडला येणाऱ्या कन्सल्टंटने नेमकी हीच सायकल घेतली असती तर त्यांना ती 551 पौंडांना पडली असती. ज्याचा पगार जास्त त्याला सायकल स्वस्त, हे तिथेच माझ्या डोक्यात अडकलं.

पेन्शनचंही बघून घ्यावं लागतं, आणि ते कुणी आपणहून सांगत नाही. आमच्या पेन्शनमध्ये दर वर्षीच्या पगाराचा 54वा भाग जमा होतो. पगार 950 ने कमी दिसला की आयुष्यभराची पेन्शन वर्षाला साधारण साडेसतरा पौंडांनी घटते. पेन्शनचा हप्ताही थोडा कमी जातो, म्हणून मला ते मान्य झालं. पण बाळंतपणाची रजा जवळ आलेल्या मैत्रिणीला मी थांबायला सांगितलं. त्या रजेचा पगार आधीच्या काही आठवड्यांच्या कमाईवर ठरतो आणि तिथे ही कपात चांगलीच नडू शकते.

कागदपत्रं ऑनलाइन भरली, भाडेकरारावर सही केली, मंजुरी आली आणि एक सांकेतिक क्रमांक असलेलं पत्र मिळालं. ते घेऊन मी घराजवळच्या छोट्या दुकानात गेले. दुकानदार तरुण होता आणि खूप मन लावून काम करणारा. माझी उंची बघून त्याने तीन सायकली बाजूला काढल्या, आसन वर-खाली करून दिलं, गल्लीत चक्कर मारून यायला सांगितलं. मी मडगार्ड असलेली, सरळ हॅन्डलची हायब्रिड निवडली. ब्रिस्टलच्या पावसात मडगार्डशिवाय युनिफॉर्मची पाठ चिखलाने भरते. कुलपासाठी त्याने कुलपांना दर्जा देणाऱ्या सोल्ड सिक्युअर संस्थेचा गोल्ड शिक्का असलेलं डी-लॉक घ्यायला लावलं. सायकल चोरीला गेली तरी भाड्याचे हप्ते चालूच राहतात, हे त्याने समजावून सांगितलं, आणि विमा घेतल्याशिवाय रस्त्यावर काढू नका म्हणाला. बोलता बोलता हेही कळलं की योजना चालवणारी मधली कंपनी प्रत्येक व्यवहारावर दुकानदाराकडून कमिशन घेते. सवलतीतल्या सायकली बरीच छोटी दुकानं या योजनेवर का देत नाहीत, ते तेव्हा उमगलं. त्यानंतर ब्रेकचे पॅड, ट्यूब, चेन मी त्याच्याकडूनच रोखीने घेते.

सगळ्यात अवघड प्रश्न होता, वर्ष संपल्यावर सायकल कुणाची? करारात याचं उत्तर मुद्दामच लिहिलेलं नसतं. शेवटी सायकल तुमचीच होणार असं आधी लिहून दिलं तर ते भाडं राहत नाही, हप्त्यांवरची खरेदी होते आणि करसवलत जाते. मुदत संपल्यावर सायकल बाजारभावाने विकत घ्यायची असते, आणि तो भाव किती धरायचा याचा तक्ता कर खात्याने 2010 मध्ये काढला आहे. 500 पौंडांच्या वरची सायकल वर्षानंतर घेतली तर मूळ किमतीच्या 25 टक्के. माझ्या बाबतीत 237 पौंड, म्हणजे वाचलेले 266 जवळजवळ सगळे परत गेले असते. चार वर्षांनी तीच सायकल 7 टक्क्यांवर येते. म्हणून बहुतेक लोक 7 टक्के अनामत भरून भाड्याची मुदत वाढवतात, हप्ते न देता सायकल वापरत राहतात आणि शेवटी अनामतीतच ती नावावर होते. मीही तेच केलं.

मी खडकीची. वडील दारूगोळा कारखान्यात होते. भोंगा झाला की फाटकातून सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा, त्यात बाबांची हिरवी हर्क्युलस शोधायला मी रस्त्याच्या कडेला उभी राहायची. ती सायकलसुद्धा पगारातून कापलेली होती. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना तेव्हा सायकल अॅडव्हान्स मिळायचा. अर्ज करायचा, पैसे उचलायचे, सायकल घेतल्याची पावती दाखवायची आणि पुढे महिन्या-महिन्याला पगारातून हप्ता. मी फोनवर माझ्या योजनेबद्दल सांगू लागले तर बाबा मध्येच म्हणाले, “म्हणजे आमचा अॅडव्हान्सच की.” मग त्यांनी एक गोष्ट सांगितली जी मला माहीत नव्हती. ठरावीक मूळ पगाराच्या वर गेलेल्या माणसाला तो अॅडव्हान्स मिळत नसे. साहेबाला तो मागताच येत नव्हता. खालच्या कामगारासाठीच तो होता. सातव्या वेतन आयोगाच्या वेळी, 2016 मध्ये, तो बंद झाला.

कामावर जायचा माझा रस्ता ब्रिस्टल आणि बाथला जोडणाऱ्या जुन्या रेल्वेमार्गावरून जातो. 1960 च्या दशकात ही लाइन बंद पडली. 1979 मध्ये सायकलप्रेमी नागरिकांनी स्वतः काम करून तिच्यावर सायकलवाट बांधायला घेतली आणि 1986 पर्यंत 13 मैलांची वाट पूर्ण झाली. त्यांच्याच गटातून पुढे सस्ट्रान्स ही संस्था उभी राहिली, जिने देशभर असे मार्ग आखले. मी स्टेपल हिलला राहते. घराजवळच अर्धा किलोमीटरचा बोगदा लागतो, उन्हाळ्यातही आत गारवा असतो आणि छतातून पाणी ठिबकतं. बोगदा संपला की फिशपाँड्सपासून शहरापर्यंत हलका उतार, गाड्या नाहीत, सिग्नल नाहीत. ऑगस्टमध्ये दोन्ही बाजूंच्या काटेरी झुडपांवर ब्लॅकबेरी पिकतात. संध्याकाळी परत येताना तोच चढ होतो, पण आगगाडीसाठी काढलेला चढ असल्याने तो इतका संथ आहे की थकलेले पायही तो काढतात. अवघड पाळी झाली, एखादा रुग्ण गेला, तर घरी पोचेपर्यंत ते माझ्या अंगावरून थोडं उतरलेलं असतं. बसमध्ये हे होत नव्हतं. सायकलने मला काय दिलं असं कुणी विचारलं तर मी 266 पौंडांच्या आधी हे सांगेन.

आमच्या वॉर्डात सफाईचं काम करणारी एक सोमाली सहकारी आहे. ती माझ्याही आधी, सहाला कामावर हजर असते आणि ईस्टनमध्ये, याच सायकलवाटेला लागून राहते. माझी सायकल बघून तिने सगळी माहिती विचारून घेतली. आम्ही दोघींनी मिळून तिचा अर्ज भरला. तो नाकारला गेला. कारण असं की पगारातली कपात धरून ताशी मजुरी किमान वेतनाच्या खाली जाता कामा नये. एप्रिल 2025 पासून ते 12.21 पौंड होतं आणि तिची मजुरी त्याच्या अगदी काठावर. नियम कामगाराच्या रक्षणासाठी केलेला आहे, तो मोडावा असं मी म्हणणार नाही. पण परिणाम काय झाला? वॉर्डात सगळ्यात आधी येणाऱ्या आणि सगळ्यात कमी कमावणाऱ्या बाईला सायकल पूर्ण किमतीला, आणि कन्सल्टंटला 42 टक्के कमी. बाबांच्या कारखान्यात अट नेमकी याच्या उलटी होती. ती अट लिहिणाऱ्याला सायकल कुणाला लागते हे माहीत होतं.

2019 मध्ये इथल्या सरकारने स्पष्ट केलं की परवानाधारक कंपनीमार्फत 1,000 पौंडांपेक्षा महाग सायकलही या योजनेत घेता येते. विजेवरच्या सायकलींसाठी ते गरजेचं होतं, कारण दूर राहणाऱ्यांना आणि गुडघे दुखणाऱ्यांना त्यांचाच आधार. पण वरची मर्यादा सैल झाली आणि खालची तशीच राहिली.

वाट निघते, फक्त ती मालकाने काढावी लागते. इथल्या करनियमांप्रमाणे मालकाने कामगाराला 10,000 पौंडांपर्यंत बिनव्याजी कर्ज दिलं तर त्यावर कर बसत नाही. लंडनमधल्या अनेक कंपन्या रेल्वेच्या वार्षिक पाससाठी असं कर्ज वर्षानुवर्षं देत आल्या आहेत. करातली बचत त्यात नाही, पण एकदम चार-पाचशे पौंड बाहेर काढावे लागत नाहीत. मी युनियनच्या बैठकीत ठराव मांडला: रुग्णालयाने कमी पगाराच्या कर्मचाऱ्यांना सायकलीसाठी बिनव्याजी कर्ज द्यावं, आणि आमच्यासारख्यांच्या सायकलींवर त्याचा जो 15 टक्के नॅशनल इन्शुरन्स वाचतो त्यातून त्यांना कुलूप, हेल्मेट आणि दिवे फुकट द्यावेत. एका पोर्टरने दुरुस्ती सुचवली की बाहेरच्या ठेकेदाराचे सफाई कामगारही त्यात धरावेत. ती मी आनंदाने स्वीकारली. ठराव मंजूर होऊन व्यवस्थापनाकडे गेला आहे. बोलणी करायला आमच्यापैकी तिघीजणी जाणार आहोत आणि ती सोमाली सहकारी त्यातली एक आहे.