उसाची राखणदार

इ. स. २००२ च्या पावसाळ्यात सांगली भागातील उसाच्या पानांखाली पांढरी लोकर दिसू लागली. ती लोकर नव्हती. अंगावर मेणाचे तंतू पांघरलेला मावा उसाचा रस शोषीत होता. माव्याची मादी नरावाचूनही पिले देते, म्हणून त्याचा वंश झपाट्याने वाढतो. शेतकरी हवालदिल झाले. विषारी औषध फवारावे, तर माव्याबरोबर त्याला खाणारे कीटकही मरत. त्यांत डिफा नावाच्या पतंगाची अळी मोठी खादाड; ती त्या लोकरीतच राहून माव्यावर जगते. मग अशा अळ्या असलेली पाने एका फडातून दुसऱ्या फडात नेऊन लावण्यात आली. हळूहळू मावा ओसरला. अळी दिसली की ती चिरडावी, असे शेतकऱ्यास वाटते. परंतु ती पिकाची वैरीण की राखणदार, हे आधी निरखून पाहावे.