हिरीवर व्होल्टेज किती?

सॉफ्टवेअरमधली मंडळी आपल्या गुरूंची नावं घेतात, तेव्हा त्यांत एखादे प्राध्यापक असतात, एखादा परदेशी ग्रंथकार असतो. माझ्या यादीत सगळ्यांच्या वर माझे मामा आहेत. लोहाऱ्यात त्यांचं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. संगणकाला त्यांनी कधी हात लावलेला नाही. भाचा पुण्यात काय करतो म्हणून कुणी विचारलं, तर 'मोटारीचंच कायतरी करतंय' असं सांगतात. ते खोटंही नाही. आम्ही शेतपंपांचे कंट्रोलर बनवतो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपानं किल्लारी-सास्तूरचा पट्टा मोडला. लोहारा त्याच भागातलं. त्यानंतर मामांनी पत्र्याच्या शेडमध्ये दुकान मांडलं आणि माझ्या शाळेच्या सुट्ट्या तिथं, तांब्याच्या तारेत आणि वार्निशच्या वासात गेल्या. जळालेली मोटार घेऊन शेतकरी आला की त्याला घाई असायची. ऊस वाळत असायचा. मामा मात्र पाना हातात घेण्याआधी चौकशी करायचे. डीपीपासून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपासून, हीर किती लांब? केबल कुठली? त्या डीपीवर मोटारी किती? एकदा एकजण वैतागला, "मामा, मोटार जळाली हाय, डीपी नाही." त्यावर मामा म्हणाले, "दुकानात तर ही फिरलच की. हिरीवर व्होल्टेज किती मिळतंय ते सांग."

लाइनच्या टोकाला व्होल्टेज पडतं. तिथं ४१५ व्होल्टच्या हिशेबानं भरलेली मोटार जास्त करंट ओढते, तापते आणि पुन्हा दुकानात येते. म्हणून मामा तिथल्या व्होल्टेजप्रमाणे वेढे कमी करायचे आणि तार जाड घ्यायचे.

आता माझं काम. आमच्या कंट्रोलरवर एआरएम प्रोसेसर आहे, त्यावर लिनक्स चालतं. पण त्याचे प्रोग्रॅम बांधायचे ते इंटेलच्या लॅपटॉपवर. याला क्रॉस-कंपाइल म्हणतात. सुरुवातीच्या दिवसांत एक जुनी लायब्ररी बांधायची होती. तिची 'कॉन्फिगर' स्क्रिप्ट गुमान पार पडली, कंपाइलही झालं, आणि अगदी शेवटी लिंकर अडला: 'आरपीएल_मॅलॉक' नावाचं फंक्शन सापडत नाही. सगळा कोड धुंडाळला. ते फंक्शन कुणी लिहिलेलंच नव्हतं.

मग 'कॉन्फिग.लॉग' उघडला. हजारो ओळींची ही फाइल बघून भलेभले पळतात, त्यात 'नो' लिहिलेल्या निम्म्या ओळी निरुपद्रवी असतात. पण स्क्रिप्टनं काय विचारलं आणि काय गृहीत धरलं, ते सगळं त्यात असतं. युनिक्सच्या नाना तऱ्हा होत्या त्या काळात, १९९१ मध्ये, डेव्हिड मॅकेन्झी यांनी अशा 'कॉन्फिगर' स्क्रिप्ट तयार करणाऱ्या ऑटोकॉन्फला सुरुवात केली. यंत्राचं नाव विचारून अंदाज बांधण्यापेक्षा छोटे प्रोग्रॅम चालवून त्याचे गुण तपासायचे, ही त्यातली शहाणी कल्पना. एक तपासणी अशी: मेमरी देणाऱ्या मॅलॉक या फंक्शनकडे शून्य बाइट मागितल्या तर तो रिकामा पत्ता देतो की खरा? पण एआरएमचा प्रोग्रॅम इंटेलवर चालवणार कसा? चालवता येत नाही म्हणून जुनी स्क्रिप्ट वाईटात वाईट धरून चालते: मॅलॉक सदोष आहे, त्याच्या जागी आरपीएल_मॅलॉक वापरा. तो पुरवायची जबाबदारी लायब्ररीच्या लेखकावर, आणि लेखकाला याची खबरच नसते.

सगळे करतात तो उपाय एका ओळीचा. 'एसी_सीव्ही_फंक_मॅलॉक_०_नॉननल' या नावापुढं 'येस' लिहून उत्तर आधीच पुरवायचं. माझ्या शेजारच्या सहकाऱ्यानं तेच सांगितलं. टाइप करताना मला मामा आठवले. हे 'येस' नेमकं कुठलं, दुकानातलं की हिरीवरचं? चार ओळींचा प्रोग्रॅम एआरएमसाठी बांधला, बोर्डावर चढवला, तिथं चालवला. खरा पत्ता आला. मग 'येस' लिहिलं.

पुढचा अडथळा सुटायला वेळ लागला नाही. पीकेजी-कॉन्फिग बोर्डाच्या लायब्रऱ्यांऐवजी लॅपटॉपच्याच लायब्रऱ्यांचे पत्ते देत होतं आणि लिंकर त्या विसंगत म्हणून नाकारत होता. 'पीकेजी_कॉन्फिग_लिबडीर' बोर्डाच्या सिसरूटकडे, म्हणजे बोर्डावरच्या फाइलींच्या लॅपटॉपवरल्या प्रतीकडे, वळवलं, 'पीकेजी_कॉन्फिग_सिसरूट_डीर' ठरवलं, संपलं. आता नवीन पोरं बिल्ड अडला म्हणून येतात, तेव्हा पडद्यावरची शेवटची चूक मी आधी बघतच नाही. स्क्रिप्टनं कुठल्या यंत्राला विचारलं, ते बघतो.

पहिला कंट्रोलर तयार झाल्यावर मामांना दाखवायला नेला. काहीतरी फेडावं हा हेतू. पायाही पडलो. त्यांनी डबा उलटसुलट केला, टर्मिनलमध्ये शेतावरची केबल घालून पाहिली. शिरली नाही. "काय करलालास रं हे? रात्री बॅटरीच्या उजेडात माणूस हे कसं जोडावं?" मग मुंग्या पॅनेलमध्ये कुठून शिरतात, पाली कुठं चिकटून मरतात, हे तासभर सांगितलं. पुढच्या बोर्डात टर्मिनल मोठे केले, डब्याची भोकं बुजवली. आधीचं देणं तसंच राहिलं, त्यात हे वाढलं.