भट्टीची पारख

मुलांनो, पिझ्झा तुम्हाला ठाऊक आहेच. आमच्या संत तुकाराम नगरातही तो मिळतो. फोन केला की घरी येतो. तरीही सहावीत शिकणाऱ्या माझ्या मुलाला तो मुंबईला जाऊन, समुद्रासमोर बसूनच खायचा होता. मरीन ड्राइव्हवरच्या 'पिझ्झा बाय द बे' या प्रसिद्ध उपाहारगृहाचे चित्र त्याने कुठेतरी पाहिले होते. दिवाळीच्या सुट्टीत मी होकार दिला, पण एका अटीवर. अब्बांनाही बरोबर न्यायचे.

माझे अब्बा पाववाले. पाव विकणारे नव्हेत, भाजणारे. वयाच्या पंधराव्या वर्षी ते मुंबईत नागपाड्याच्या एका बेकरीत कामाला लागले. पुढे पिंपरीला आले, पण काम तेच राहिले. रात्री एक वाजता उठायचे, मैदा मळायचा, गोळे करून ठेवायचे आणि पहाटेपर्यंत लाद्या तयार करायच्या. लांब दांड्याच्या फळीवरून पाव भट्टीत सारताना हात पोळत. त्यांच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत डाग आहेत. म्हणून भर मे महिन्यातही अब्बा पूर्ण बाह्यांचा सदरा घालतात आणि मनगटाची बटणे लावतात. माझ्या शाळेच्या पालकसभेलाही ते असेच येत आणि हात पाठीमागे बांधून उभे राहत.

चिंचवड स्थानकावर सकाळी आम्हाला सिंहगड एक्सप्रेस मिळाली. खंडाळ्याच्या घाटाचे वर्णन तुम्ही पुष्कळ धड्यांत वाचले असेल, ते मी करत नाही. मुंबईला उतरताच अब्बा म्हणाले, "आधी नागपाडा." जुनी बेकरी त्यांना एकदा पाहायची होती.

बेकरी जागेवर होती, पण धूर नव्हता. अब्बांनी जिच्यात उमेदीची वर्षे घातली, ती विटांची भट्टी थंड पडली होती. शेजारी गॅसवर चालणारी पोलादी भट्टी बसवली होती. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड व कोळसा जाळणाऱ्या शहरातील बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला, त्यानंतरचा हा बदल. मला विचाराल तर हा आदेश योग्यच आहे. अब्बांचा खोकला मी लहानपणापासून ऐकत आले आहे. छोट्या बेकरीवाल्याला नव्या भट्टीचा खर्च जड जातो, हेही खरे. त्याला मदत मिळायला हवी.

जुन्या भट्टीला तापमापक नसे. अब्बा चिमूटभर मैदा भट्टीच्या तळावर टाकत आणि तो किती वेळात तांबूस होतो ते पाहत. तेवढ्यावरून लाद्या आत सारायच्या की थांबायचे, हे ठरे. नव्या भट्टीवर आकडे दिसत होते. अब्बांनी ते वाचले आणि म्हणाले, "आता अंदाज करायला नको." हे त्यांनी आनंदाने म्हटले की दुःखाने, ते मला कळले नाही.

दुपारी आम्ही मरीन ड्राइव्हला पोहोचलो. वीर नरिमन रस्त्याच्या कोपऱ्यावर 'सूना महाल' नावाची इमारत आहे, तिच्या तळमजल्यावर हे उपाहारगृह. ही इमारत १९३७ सालची, वास्तुशिल्पी ग. बा. म्हात्रे यांची. मुंबईतील अशा इमारतींच्या समूहाला २०१८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा मान दिला. दाराशी अब्बा थबकले. "तुम्ही खाऊन या. मी समोर कट्ट्यावर बसतो." नातवाने त्यांचा हात धरून आत ओढले.

आत काचेपलीकडे समुद्र. अब्बांनी यादीतील किमती वाचल्या आणि एका पिझ्झ्याला किती लाद्या होतात याचा हिशेब मनातल्या मनात केला. मला तो ऐकू आला नाही, पण चेहऱ्यावर दिसला. मांसाचा प्रश्नच नको म्हणून मी मार्गरिटा मागवला. टोमॅटो, चीज आणि तुळशीच्या जातीची पाने एवढेच त्यात असते. १८८९ मध्ये इटलीच्या राणीच्या नावावरून त्याला हे नाव पडले, अशी गोष्ट सांगतात. इटलीतल्या नेपल्स शहरात पिझ्झा सुमारे ४८५ अंश तापमानाच्या, लाकडाच्या भट्टीत जेमतेम दीड मिनिटात भाजतात. तिथल्या कारागिरांची ही कलाही युनेस्कोने २०१७ मध्ये वारसा म्हणून नोंदवली आहे. आपला पावही पोर्तुगिजांबरोबर समुद्रावरूनच आला. 'पाव' हा शब्द त्यांचाच. पण पाव भाजणाऱ्याच्या हाताची नोंद कुणी केल्याचे मी ऐकलेले नाही.

पिझ्झा आला. मुलगा वरचे चीज पाहत होता. अब्बांनी एक तुकडा उचलला आणि उलटा करून त्याचे बूड पाहिले. मग कडा मोडून आतली जाळी पाहिली, वास घेतला.

"पीठ रात्रभर ठेवलंय," ते म्हणाले. "घाई केली नाही."

पाणी ओतणारा वेटर थांबला. "काका, तुम्हाला कसं कळलं?"

मुलांनो, तुमच्या घरी ज्याला खमीर म्हणतात, ते जिवंत असते. ते पिठातली साखर खाते आणि वायू सोडते. त्या वायूच्या बुडबुड्यांनी पीठ फुगते. वेळ कमी दिला तर भोके बारीक राहतात आणि चवही येत नाही. मी हे पुस्तकातून शिकवते. अब्बांनी पुस्तक पाहिलेले नाही. त्यांनी वेटरला हेच तुकडा हातात घेऊन समजावले. सांगता सांगता त्यांनी मनगटाची बटणे काढली आणि पीठ कसे मळायचे ते दाखवण्यासाठी बाह्या कोपरापर्यंत वर सारल्या. चारचौघांत मी त्यांना असे प्रथमच पाहिले.

वेटर आत गेला आणि परत येऊन म्हणाला, "आचारी विचारतायत, काका कुठल्या हॉटेलात होते?"

"हॉटेल नाही," अब्बा म्हणाले, "बेकरी."

मुलाचे पिझ्झ्याकडे लक्ष उरले नव्हते. त्याने आजोबांच्या हातावरच्या एका डागावर बोट ठेवले. "नाना, हा कुठल्या भट्टीचा?"

"सकाळी पाहिलीस ना, तिचा. ईदची रात्र होती, पाव दुप्पट लागले होते."

"आणि हा?"

अब्बा सांगू लागले. मी वेटरला आणखी थोडे पाणी आणायला सांगितले.