जहाँआराचा राजमार्ग

लाल किल्ल्याच्या लाहोरी दरवाजाकडे पाठ करून पश्चिमेस पाहिले, की डाव्या हाताला लाल जैन मंदिराची शिखरे आणि त्यांच्या शेजारीच गौरीशंकराचे देवालय दिसते, आणि तेथून फतेहपुरी मशिदीपर्यंत दिल्लीचा चांदनी चौक सरळ रेषेत पसरलेला असतो. मराठी प्रवाशाने या देवालयापाशी अवश्य थांबावे. आप्पा गंगाधर नावाच्या एका मराठी वीराने ते अठराव्या शतकात बांधविले, अशी परंपरा आहे. १७६० साली मराठ्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेऊन, फौजेचा खर्च भागविण्यासाठी दिवाण-ए-खासचे रुपेरी छत उतरवून वितळविले. पुढे महादजी शिंद्यांनी वकील-इ-मुतलक या अधिकाराने बादशाहीचा कारभार हाती घेतला. आणि १८०३ साली लॉर्ड लेकच्या इंग्रज फौजेने पटपडगंजच्या मैदानावर शिंद्यांच्या सैन्याचा पराभव केला, तेव्हा या नगरीतील मराठ्यांचा अंमल संपला. त्या साऱ्या वैभवाची आणि पराभवाची खूण म्हणून या रस्त्यावर उरले आहे, ते एवढे एक शिवालय.

शाहजहान बादशहाने १६३९ साली शाहजहानाबादचा पाया घातला. परंतु नगराच्या या मुख्य बाजारपेठेची आखणी १६५० च्या सुमारास केली ती त्याची ज्येष्ठ कन्या जहाँआरा हिने. सुरत बंदराचा महसूल तिला तोडून दिलेला होता, आणि ज्या सुरतेवर पुढे १६६४ साली शिवछत्रपतींनी स्वारी केली, त्याच बंदराच्या संपत्तीने समृद्ध झालेल्या या राजकन्येने, केवळ व्यापाऱ्यांच्या सोयीचा नव्हे, तर नगरजनांच्या विहाराचा विचार करून हा मार्ग निर्माण केला. जुन्या वर्णनांत त्याची रुंदी चाळीस गज सांगितलेली आढळते. मधोमध नहरीचे पाणी खेळत होते, तिच्या दोन्ही काठांना छायावृक्ष होते, उत्तरेस देशोदेशीच्या सौदागरांसाठी प्रशस्त सराई व बाग होती, आणि त्यांच्यासमोरच्या चौकातील हौदात चांदणे उतरत असे. त्या एका चौकाचे नाव पुढे साऱ्या रस्त्याला मिळाले. सूत्र एकच होते, ते म्हणजे सावलीतून, पाण्याच्या काठाकाठाने, पायी चालणारा मनुष्य.

या मनुष्याच्या वाट्याला पुढे जे आले, ते वाटेतल्या दोन वास्तूंपाशी उभे राहिले म्हणजे उमगते. गुरुद्वारा सीसगंज साहिबच्या जागी १६७५ साली औरंगजेबाच्या हुकुमाने गुरू तेगबहादुरांचा शिरच्छेद झाला. आणि शेजारच्याच सुनहरी मशिदीतून १७३९ च्या मार्चमध्ये इराणच्या नादिरशहाने दिल्लीकरांच्या कत्तलीचा हुकूम सोडून ती डोळ्यांनी पाहिली, असे सांगतात. सीसगंजच्या पायऱ्यांवर लोक चपला काढून डोके झाकतात, आत अखंड कीर्तन चालते, लंगरात कोणालाही जात न विचारता पानावर बसवितात, आणि बाहेर त्याच गर्दीत जरीच्या साड्यांचा, अत्तरांचा, मिठाईचा सौदा चाललेला असतो. एवढे रक्त सांडलेल्या जागी व्यवहार इतका निर्वेधपणे चालू राहावा, हे मला या रस्त्याच्या शक्तीचे खरे गमक वाटले.

१८५७ नंतर कंपनी सरकारची जागा राणीच्या सरकारने घेतली आणि रस्त्याचे रूपच पालटले. जहाँआराची सराई पाडली गेली, तेथे टाउन हॉलची इमारत उभी राहिली, हौदाच्या जागी घंटाघराचा मनोरा आला, नहर कालांतराने बुजविली गेली. विसाव्या शतकाच्या आरंभी ट्राम आली, ती १९६३ पर्यंत धावली. नंतर मोटारी, टेंपो, दुचाक्या आणि विजेच्या तारांची डोक्यावर लोंबणारी जाळी. शेवटी पायी चालणाऱ्याला पाऊल टाकण्यापुरतीही जागा उरली नाही.

त्याची दखल फार उशिरा घेतली गेली, पण घेतली गेली. दिल्ली सरकारच्या विद्यमाने आणि उच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली २०१८ च्या अखेरीस काम सुरू झाले, आणि २०२१ च्या सप्टेंबरात नूतन रस्ता लोकार्पण झाला. सकाळी ९ ते रात्री ९ मोटार वाहनांस मनाई, तारा जमिनीखाली, पायाखाली लाल दगडी फरसबंदी, आणि मध्ये ठिकठिकाणी बसायला दगडी ओटे. वास्तुरचनाकार प्रदीप सचदेव, ज्यांनी दिल्ली हाटही निर्माण केले, त्यांनी या मार्गाचा आराखडा केला. २०२० साली त्यांचे निधन झाल्यामुळे पूर्ण झालेला रस्ता त्यांना पाहता आला नाही. वृद्ध दांपत्ये ओट्यांवर निवांत टेकतात, मुले हात सोडून धावतात, सायकलरिक्षांच्या घंटा ऐकू येतात, आणि मुख्य म्हणजे मान वर करून जुन्या सज्जांकडे पाहता येते. मला तर वाटते, या एका गोष्टीसाठी सारा खटाटोप सार्थकी लागला.

तथापि मन पूर्ण संतुष्ट होत नाही. पूर्वी किल्ल्यापासून मशिदीपर्यंत नजर अडत नसे, त्या रेषेत आता विजेची रोहित्रे उभी आहेत. जहाँआराने दिलेले पाणी परत आलेले नाही, आणि उन्हाळ्यातील दुपारी ती लाल फरसबंदी जेव्हा तापते, तेव्हा ओट्यांवर बसावेसे कोणालाही वाटत नाही. सावली हा मूळ आराखड्याचा प्राण होता. दगड बसविणारांनी ती मात्र दुय्यम मानली, याचे मला वाईट वाटते.

आणि रस्ता म्हणजे केवळ दर्शनी भाग नव्हे. खरा व्यापार चालतो तो कटऱ्यांत, म्हणजे आतल्या बाजारपेठांत: कटरा नीलमधील कापडाच्या गाद्यांवर, किनारी बाजारातील गोटाजरीत, फतेहपुरीपलीकडील खारी बावलीतल्या मिरची-हळदीच्या पोत्यांत, जेथे हमाल पाठीवर ओझे घेऊन अंधाऱ्या जिन्यांतून चढउतार करतात. फरसबंदी या गल्ल्यांच्या तोंडाशीच थांबली आहे. सरधन्याची जहागीरदारीण बेगम समरू हिची हवेली आज भगीरथ पॅलेस या नावाने विजेच्या सामानाची प्रचंड पेठ झाली आहे. रस्ता खुला होऊन जेमतेम वर्ष लोटले, तोच २०२२ च्या नोव्हेंबरात तेथे आग लागली, शंभराहून अधिक दुकाने तीत सापडली, अरुंद गल्ल्यांमुळे बंबांना आत पोहोचणे अवघड झाले, आणि आग कित्येक दिवस धुमसत राहिली. ज्या शासनाने राजमार्गावरच्या तारा जमिनीखाली नेल्या, त्याने आता या गल्ल्यांत शिरले पाहिजे. काम कठीण आहे. कारण एकेका हवेलीत मूळ मालकाचे वारस, जुने भाडेकरू, पोटभाडेकरू आणि गुदामवाले यांचे हक्क एकमेकांत गुंतलेले असतात, आणि त्या सर्वांना एकत्र बसविल्यावाचून तेथला एक जिनादेखील दुरुस्त होत नाही.