खरा आजार, खोटी शर्यत

आमच्या कोल्हापुरांत पराक्रमाची पारख तालमीच्या तांबड्या मातींत होते. सायकलीच्या वीरांचें आम्हांला फारसें कौतुक नाहीं. तरीहि लान्स आर्मस्ट्राँग या अमेरिकन सायकलपटूचें आत्मचरित्र आमच्या घरांत आलें, तें आमच्या वडील बंधूंच्या उशापाशीं. त्यांना कर्करोग झाला होता आणि तें पुस्तक आम्ही त्यांना वाचून दाखवीत असूं.

१९९३ सालीं जगज्जेता ठरलेल्या या तरुणास १९९६ च्या ऑक्टोबरांत वृषणाचा कर्करोग असल्याचें कळलें. तो उदर, फुप्फुसें आणि मेंदू येथवर पसरला होता. शस्त्रक्रिया व जहाल औषधें सोसून तो वांचला आणि १९९९ सालीं फ्रान्सची ती तीन आठवड्यांची बिकट शर्यत त्यानें जिंकली. पुढें २००५ पर्यंत ती त्यानें लागोपाठ सात वेळां जिंकल्याचें वृत्तपत्रांतून कळलें. तोंवर बंधु निवर्तले होते.

२०१२ सालीं ते सातहि विजय रद्द ठरले. निषिद्ध औषधें घेऊन ते मिळविल्याचें त्यानें २०१३ च्या जानेवारींत स्वतःच कबूल केलें. ज्यांनीं पूर्वी खरें सांगितलें, त्यांनाच त्यानें खोटें पाडलें होतें, हें अधिक लाजिरवाणें. एका मरणोन्मुख माणसास आपण लबाडाचा शब्द औषध म्हणून पाजला काय, या विचारानें आम्हांला कित्येक दिवस चैन पडलें नाहीं.

खाशाबा जाधवांना १९५२ सालीं हेलसिंकीस जातां यावें म्हणून येथील राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनीं कांस्यपदक आणलें. प्रत्येक विजेत्यासाठीं कोणी ना कोणी कांहीं गहाण ठेवीतच असतो. पैसा नसेल तर विश्वास. आमच्या बंधूंनींहि तो ठेवला होता.

तो सर्वस्वीं बुडाला असें मात्र आतां आम्हांला वाटत नाहीं. त्या माणसाची शर्यत खोटी होती, पण आजार खरा होता आणि सोसलेल्या वेदनाहि खऱ्या होत्या. बंधूंना शर्यत जिंकावयाची नव्हतीच. उद्यांची सुई सोसण्यापुरतें धैर्य त्यांना हवें होतें, आणि तें त्यांना मिळालें.

पुस्तक अजून कपाटांत आहे. शर्यतीचीं पानें आम्हांला वाचवत नाहींत. रुग्णालयाच्या पानांवर बंधूंनीं पेन्सिलीनें केलेल्या खुणा मात्र तशाच आहेत, आणि त्या पुसाव्या असें आम्हांला कधींहि वाटलें नाहीं.