रजेची यादी

दिवाळीच्या आधी पोटमाळा साफ करण्याची आमच्या घरात जुनी पद्धत आहे. आई खाली स्टूल धरून उभी राहते, मी वर चढते, काय टाकायचे आणि काय ठेवायचे यावर आमचा यथेच्छ वाद होतो, आणि शेवटी सगळे जिथल्या तिथे परत जाते. यंदा मात्र एक वही खाली आली. आजोबांची.

आजोबांना घरात आणि इमारतीत सगळेच अण्णा म्हणत. १९९० च्या सुमारास आम्ही मीरा रोडला राहायला आलो, तेव्हा इथे इमारती पुष्कळ आणि पाणी थोडे अशी स्थिती होती. नळ होता, पण तो शोभेचा. टँकर कोपऱ्यावर वळला की हंडे, कळशा, बादल्या आणि माणसांचे आवाज यांची एकच गर्दी उडे. अण्णांनी एक लांबट रजिस्टर आणले, सर्व बिऱ्हाडांची नावे त्यात लिहिली आणि रोजचे नंबर ठरवून टाकले. काल जो पहिला, तो आज शेवटचा. आठ दिवसांत भांडणे थांबली. ‘पलटणीत राहिलेला माणूस!’ असे लोक कौतुकाने म्हणू लागले.

त्या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या भावाला गोवर निघाला. घरातले पाणी संपलेले, आणि आमचा नंबर नेमका शेवटून दुसरा. आई म्हणाली, “अण्णा, एक बादली आधी भरून घेऊ का? पोराच्या कपाळावर पट्टी ठेवायलासुद्धा पाणी नाही.”

अण्णांनी रजिस्टरातून मान वर केली नाही. “सूनबाई, नंबर येऊ द्या.”

नंबर येईतो टँकर रिकामा झाला. आईने शेजारून पाणी मागून आणले. भाऊ चार दिवसांनी हिंडूफिरू लागला; आईच्या मनातला तो दिवस मात्र अण्णा गेल्यावरही बरा झाला नाही.

अण्णा दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीत कारकून होते, इटलीत. बटालियन म्हटले की मला नकाशावरचा चौकोन दिसतो. पलटण म्हटले की माणसे दिसतात. चांगली सात-आठशे माणसे. त्या रणभूमीवरच्या मराठ्यांची दोन नावे मी वर्गात नेहमी सांगते. माणगावकडचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी, सोबती पडल्यावर, एकटेच मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेले आणि तिथेच धारातीर्थी पडले. शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीतून जखमी सोबत्यांना पैलतीरी पोचवले, मग मागे फिरून मशीनगन बंद पाडल्या. हाताला गोळी लागली तेव्हा बंदूक टाकून हातबाँब घेतले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

अण्णांना कोणी क्रॉस देणार नव्हते. त्यांचे युद्ध कागदावरचे. हजेरी, पगार, पगारातून घरी जायचा हिस्सा, जखमींच्या जागी आलेल्या नव्या पोरांची नावे. एका कंपनीत तीन-तीन पांडुरंग शिंदे. त्यांना नंबरच्या शेवटच्या आकड्यांनी हाक मारायची. ज्यांना लिहिता येत नसे त्यांची पत्रेही अण्णाच लिहीत. ती पत्रे पुढे सेन्सॉर वाचत आणि जवानांची मनःस्थिती कशी आहे याचे अहवाल वरिष्ठांसाठी त्यांवरून तयार करीत. त्या अहवालांत तोफांपेक्षा घरच्या धान्याची, महागाईची आणि रजेची चिंता अधिक असे. हे मी पुस्तकांत वाचले, अण्णा तेच एका वाक्यात सांगत : “शिपाई गोळीला भीत नाही, मनीऑर्डर चुकली की खचतो.”

रजेचे तर विचारूच नका. १९४१ साली केरेनला लढलेली काही माणसे १९४४ मध्ये इटलीत होती. मधल्या काळात घरी किती पोरे जन्मली आणि किती म्हातारी माणसे गेली! रजेवर थोडेच सुटत. सही साहेबांची, पण यादी कारकुनाची. (आमच्या प्राध्यापकांच्या खोलीत सेवाज्येष्ठतेच्या यादीवरून वर्षानुवर्षे अबोला धरलेली माणसे मी पाहिली आहेत, आणि तिथे कोणी आपल्यावर गोळ्या झाडत नसते.)

वहीत तशा एका यादीची नक्कल आहे. त्या खेपेला आठ जागा. सातव्या नावावर काट मारून ते नववे केले आहे आणि नवव्याला सातवे. समासात अण्णांचे बारीक, सुवाच्य अक्षर : ‘बायको अत्यवस्थ. पाया पडला. मी बदलले. साहेबांनी विचारले नाही.’ खाली दुसऱ्या शाईत : ‘पंधरा दिवसांनी पहिला सातवा पडला. त्याच्या घरचे पत्र मीच लिहिले.’

मी ते दोनदा वाचले. कंपनीला या काटाकाटीचा पत्ता लागला नसावा. लागला असता तर त्या यादीवर पुन्हा कोणाचा विश्वास बसता, आणि रात्री खंदकात कोण कोणाच्या भरवशावर झोपता? माणसे यादी सरळ आहे असे समजून लढत राहिली. ती सरळ नव्हती हे एकट्या कारकुनाला ठाऊक, आणि तो ते मीरा रोडपर्यंत घेऊन आला. ज्याची बायको आजारी होती त्याला सोडले यात चूक काय, असे मला अजूनही वाटते. पण त्याच्याऐवजी थांबला त्याच्या घरी ते पत्र मी लिहिलेले नाही.

आई स्टूल धरूनच उभी होती. मी पायरीवर बसून तिला ते पान वाचून दाखवले. बराच वेळ ती काही बोलली नाही. पदराने उगाचच स्टुलावरची धूळ पुसत राहिली. मग म्हणाली, “आणि ती बाई ग? वाचली का ती?”

मी पाने उलटून पाहिली. पुढे नुसता कांबळ्यांचा हिशेब होता.